न लागलेली जोड

आमच्या गावच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड भरे. फडावर हलगी घुमवायला मांगवाडा, फडाची माती उकरून चाळायला महारवाडा. ती माती अंगाला लावायची मात्र गावाने. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणत असू, ऐन उमेदीत लंगोट बांधून तीन वर्षे त्या फडाच्या कडेला उभे राहिले. त्यांना कुणी हाकलले नाही, शिवी दिली नाही. पंच येत, त्यांच्या दंडांवरून नजर फिरवीत आणि म्हणत, ''गड्या, तुला जोड न्हाई.'' जोड समोरच उभी होती. साऱ्या गावाला ती दिसत होती. पण भावकीतला गडी आणि महारवाड्यातला गडी यांची कुस्ती लागत नसते, हे सांगायला 'जोड न्हाई' हे दोन शब्द पुरेसे होते. म्हातारपणी तात्या म्हणत, ''हारलो असतो तरी बरं वाटलं असतं रं. पण कुस्ती लागलीच न्हाई.''

१९७४ च्या ऑक्टोबरात किन्शासाला मुहम्मद अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडले, तेव्हा मी शाळेत होतो. पुढे वसतिगृहात माझ्या खाटेच्या वरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वर्तमानपत्रातून कापलेले अलीचे चित्र होते. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव आमच्या तरुणांनी १९७२ साली घेतले होते. तिकडच्या काळ्या माणसाची लढाई आम्हांला परकी वाटत नव्हती. १९७८ साली मी सुटीत घरी गेलो आणि तात्यांना सांगू लागलो, की अली स्पिंक्सकडून हरला, आणि आता जगज्जेते दोन आहेत : एक लिऑन स्पिंक्स, दुसरा लॅरी होम्स. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, ''एका वजनात दोन जगज्जेते? मग त्यांची जोड का लावत न्हाईत?''

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

मुष्टियुद्धाचा इतिहास झालेल्या सामन्यांच्या यादीतून लिहिण्याची प्रथा आहे. कोण जिंकला, कितव्या फेरीत, कुठल्या शहरात. पण ज्याला सत्तेचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्याने न झालेल्या सामन्यांची यादी वाचली पाहिजे. झालेल्या सामन्यात अन्याय झाला तर त्याची नोंद राहते. न झालेल्या सामन्याची नोंद कोण ठेवणार? पराभव पुसता येतो, पुन्हा लढून. नाकारलेली जोड पुसता येत नाही. रिंगणात ठोसे मारणारा माणूस बलवान दिसतो. खरा बलवान असतो तो जोडी लावणारा. हेवीवेट म्हणजे वजनाला वरची मर्यादा नसलेला गट. जगातला सर्वांत बलदंड पुरुष कोण, हा प्रश्न तिथे सुटतो अशी समजूत आहे. म्हणूनच तो प्रश्न सुटू न देण्याचे हितसंबंधही तिथेच सर्वांत मोठे आहेत.

या गटातला किताब पहिल्यांदा दुभंगला तो कुठल्या करारामुळे नव्हे, रंगामुळे. जॉन एल. सुलिव्हन हा गोरा जगज्जेता काळ्यांशी लढणार नाही असे उघड सांगत असे. त्यामुळे काळ्यांसाठी वेगळे अजिंक्यपद चालू होते. गावात एक विहीर आणि वाड्यात एक विहीर असावी, तसे. १८८८ साली ते वेगळे अजिंक्यपद पीटर जॅक्सनकडे आले. हा माणूस कॅरिबियन बेटावर जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात नावारूपाला आलेला. १८९१ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला जिम कॉर्बेट या तरुण गोऱ्याशी तो ६१ फेऱ्या लढला. दोघेही थकून उभे राहिले आणि सामना अनिर्णित म्हणून थांबवला गेला. पुढच्याच वर्षी सुलिव्हनशी लढण्याची संधी कॉर्बेटला मिळाली आणि तो जगज्जेता झाला. जॅक्सनला ती संधी कधीच मिळाली नाही. ज्याच्याशी ६१ फेऱ्यांत निकाल लागला नाही तो सिंहासनावर, आणि हा दाराबाहेर. किताबांच्या एकीकरणाचा जो सामना व्हायला हवा होता आणि झाला नाही, त्यांतला हा मला ठाऊक असलेला सर्वांत जुना.

जॅक जॉन्सनने ती भिंत फोडली असे आपण वाचतो. ते खरे आहे, पण भिंत कशाने फुटली तेही पाहावे. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत टॉमी बर्न्स त्याच्याशी लढला तो न्यायबुद्धी जागी झाली म्हणून नव्हे. प्रमोटर मॅकिंटॉशने बर्न्सला ३०,००० डॉलर कबूल केले होते. जॉन्सनला मिळाले ५,०००. जिंकला तो जॉन्सन. पैसा मिळाला हरणाऱ्याला. म्हणजे रंगाच्या भिंतीलाही एक दर होता, आणि तो दर काळ्या माणसाच्या वाट्यातून कापून घेतला गेला.

इथे आपल्याला सोयीची नसलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने काय केले? सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे त्या काळातले तीन थोर काळे मुष्टियोद्धे त्याच्याशी किताबासाठी लढू पाहत होते. त्याने त्यांच्यापैकी एकालाही संधी दिली नाही. काळ्या आव्हानवीरांपैकी फक्त बॅटलिंग जिम जॉन्सनशी तो १९१३ च्या डिसेंबरात पॅरिसला किताबासाठी लढला. तो सामना बरोबरीत सुटला. कारण सरळ होते. पैसा होता तो 'गोऱ्यांची आशा' म्हणून पुढे केलेल्या आव्हानवीराशी लढण्यात. १९१० च्या ४ जुलैला रीनो येथे जेफ्रीजशी झालेल्या सामन्याची रक्कम लाखाच्या वर होती. लँगफर्डशी लढून तेवढे कुणी देणार नव्हते, आणि हरण्याचा धोका मात्र जास्त होता. शिडी चढलेल्याने शिडी ओढून घेतली असे म्हणणे सोपे आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. शिडी मुळात त्याची नव्हतीच. ती प्रमोटरची होती, आणि एका वेळी एकच माणूस चढावा अशीच बांधली होती.

लँगफर्डला मग दुसरा मार्ग राहिला नाही. तो आणि हॅरी विल्स हे दोघे काळे एकमेकांशी पंधराहून अधिक वेळा लढले. गोरे त्यांच्याशी लढत नव्हते आणि पोट तर भरायचे होते. दोन उपाशी माणसांनी एकाच भाकरीसाठी पुन्हा पुन्हा एकमेकांना मारावे आणि तिसऱ्याने तिकिटे विकावीत, हा प्रकार आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायला नको. १९४४ साली एका वार्ताहराला लँगफर्ड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सापडला, तेव्हा तो आंधळा आणि कफल्लक होता.

१९१५ साली हॅवानात जॉन्सन विलर्डकडून हरला. त्यानंतर २२ वर्षे एकाही काळ्याला हेवीवेट किताबाचा सामना मिळाला नाही. या काळातच भेदाची भाषा बदलली, आणि माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे. सुलिव्हन उघड म्हणत होता, की काळ्याशी लढणार नाही. जॅक डेम्प्सीच्या काळात तसे म्हणण्याची गरज उरली नाही. हॅरी विल्सचे आव्हान सर्वांना मान्य होते. करार झाले, सह्या झाल्या, बातम्या छापून आल्या. १९२५ च्या करारात विल्सला ५०,००० डॉलर मिळालेही. सामना तेवढा झाला नाही. कधी पैसा उभा राहिला नाही म्हणून, कधी जागा मिळाली नाही म्हणून. न्यूयॉर्कच्या आयोगाने विल्सचा हक्क धरून ठेवला, तर प्रमोटर टेक्स रिकर्डने डेम्प्सी आणि गोरा जीन टनी यांचा सामना १९२६ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाला नेला. एक लाख वीस हजार माणसे तो पाहायला जमली. 'तू काळा आहेस' हे वाक्य कुणीच उच्चारले नाही. 'व्यवहार जमला नाही' एवढेच म्हटले गेले. आमच्या गावच्या पंचांचे 'जोड न्हाई' आणि रिकर्डचा 'व्यवहार' यांत मला फरक दिसत नाही.

मग जो लुईला संधी कशी मिळाली? १९३६ च्या जूनमध्ये जर्मन मॅक्स श्मेलिंगने लुईला पाडले होते. जगज्जेता जिम ब्रॅडॉकशी लढण्याचा हक्क श्मेलिंगचा होता, आणि सामना १९३७ च्या ३ जूनला ठरलेलाही होता. पण किताब हिटलरच्या जर्मनीत जाईल ही भीती होती, बहिष्काराची हाक होती, आणि लुईच्या नावावर तिकिटे अधिक खपत होती. ब्रॅडॉकच्या मॅनेजरने लुईचा प्रमोटर माइक जेकब्ज याच्याशी सौदा केला : हरलो तर पुढची दहा वर्षे हेवीवेट किताबाच्या सामन्यांतल्या तुमच्या नफ्याचे दहा टक्के आम्हांला. ३ जूनला श्मेलिंग ठरल्याप्रमाणे हजर राहिला. ब्रॅडॉक आला नाही. २२ जूनला शिकागोत लुईने ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडले. २२ वर्षांची भिंत टक्केवारीने पाडली. आणि जी भिंत टक्केवारीने पडते, ती टक्केवारीने पुन्हा बांधताही येते.

लुईने १९४९ च्या मार्चमध्ये निवृत्ती जाहीर केली, तीसुद्धा एक सौदा होता. रिकाम्या झालेल्या किताबासाठी लढू शकणाऱ्या चार प्रमुख मुष्टियोद्ध्यांचे करार त्याने आधी आपल्या नावावर करून घेतले आणि ते जेम्स नॉरिस व आर्थर वर्ट्झ या धनिकांच्या हवाली केले. त्याचे त्याला मिळाले दीड लाख डॉलर आणि वार्षिक पगार. त्यातून इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब उभा राहिला. पुढच्या चार वर्षांत अमेरिकेतल्या अजिंक्यपदाच्या सामन्यांपैकी पाचांत चार त्याने भरवले. जो या क्लबशी करार करणार नाही, त्याला सामना नाही. शेवटी १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवून क्लब मोडण्याचा आदेश कायम केला. पण तोवर लुई कराच्या थकबाकीत बुडाला होता. त्यासाठी १९५० साली तो पुन्हा रिंगणात उतरला आणि हरला. पुढे लास व्हेगासच्या जुगारघरात पाहुण्यांचे स्वागत करण्याचे काम त्याच्या नशिबी आले. किताब त्याच्या नावावर बारा वर्षे होता. मालकी मात्र कधीच त्याची नव्हती.

अलीकडे येऊ. १९६४ च्या फेब्रुवारीत त्याने सॉनी लिस्टनला हरवले, आपला नवा धर्म जाहीर केला आणि नवे नाव घेतले. त्याच वर्षी वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशनने त्याचा किताब काढून घेतला. दाखवलेले कारण असे, की लिस्टनशी पुन्हा लढण्याचा करार त्याने नियमाविरुद्ध केला. असे करार तेव्हा सर्रास होत. असोसिएशनचा किताब अर्नी टेरेलकडे गेला. किताब एक करण्यासाठी अली-टेरेल सामना १९६६ साली शिकागोत ठरला, पण व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अली बोलला आणि इलिनॉय राज्याने तो होऊ दिला नाही. आणखी एक गोष्ट क्वचित सांगितली जाते. त्याच वर्षी अलीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेन बाउट नावाची कंपनी काढली होती. चित्रपटगृहांत सामने दाखवण्याच्या हक्कांचा पैसा तिच्यामुळे प्रथमच काळ्या माणसांच्या हाती येणार होता. ठोसे मारणारा काळा चालत होता. तिकिटांचा हिशेब ठेवणारा काळा चालत नव्हता.

६ फेब्रुवारी १९६७ रोजी ह्यूस्टनला सामना अखेर झाला. टेरेल सामन्याआधी त्याला जुन्या नावाने हाक मारीत राहिला, आणि अली पंधरा फेऱ्या त्याला मारता मारता आपले नाव विचारीत राहिला. १९५६ नंतर ज्यांनी आपली ओळख नव्याने सांगितली आणि तरीही गाव ज्यांना जुन्याच नावाने हाक मारीत राहिले, त्यांना त्या प्रश्नाचा अर्थ लागेल. किताब एक झाला. पण २८ एप्रिलला अलीने सैन्यभरती नाकारली आणि सगळेच काढून घेतले गेले. लगेच आठ जणांची स्पर्धा जाहीर झाली. तिचा व्यवहार पाहायला मेन बाउटमधल्याच गोऱ्या भागीदारांची नवी कंपनी तयार होती. जो फ्रेझर त्या स्पर्धेत उतरला नाही. न्यूयॉर्कने १९६८ साली त्याला आपला वेगळा जगज्जेता केले, असोसिएशनने जिमी एलिसला. दोघांची जोड लागायला १९७० साल उजाडले. अलीला त्याचा हक्क मागायला १९७१ पर्यंत थांबावे लागले.

आता तात्यांच्या प्रश्नाचे साल येते : १९७८. फेब्रुवारीत अलीला हरवल्यावर लिऑन स्पिंक्सने कुणाशी लढावे? वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचे म्हणणे, केन नॉर्टनशी. पण मोठा पैसा अलीशी पुन्हा लढण्यात होता. स्पिंक्सने पैसा निवडला. कौन्सिलने मार्चमध्ये त्याचा किताब काढला आणि आदल्या वर्षी जिंकलेल्या एका सामन्याच्या आधारे नॉर्टनला खुर्चीत बसल्या बसल्या जगज्जेता जाहीर केले. जूनमध्ये होम्सने त्याला हरवले. तेव्हा दुभंगलेला किताब १९८७ पर्यंत एक झाला नाही.

या वेळी अडसर रंगाचा होता का? नव्हता. स्पिंक्स, नॉर्टन, होम्स तिघेही काळे. होम्सच्या सामन्यांचा प्रमोटर डॉन किंग हाही काळाच. इथे केवळ वर्णाची फूटपट्टी घेऊन आलेला अभ्यासक अडखळतो. आणि केवळ वर्गाची फूटपट्टी घेतलेल्याला पीटर जॅक्सन समजत नाही. आमच्या चळवळीने या वादात किती वर्षे आणि किती माणसे घालवली, ते वाचक जाणतात. मला दिसते ते असे : वर्णाने जी यंत्रणा बांधली, तीच व्यवहाराने वारशात घेतली. दारावरचा माणूस बदलला. दार तेच राहिले.

ही यंत्रणा चालते कशी? किताब देणाऱ्या संस्था आज चार आहेत. असोसिएशन आणि १९६३ सालचे कौन्सिल यांच्या जोडीला १९८३ साली फेडरेशन आले, १९८८ साली ऑर्गनायझेशन. आपल्या पट्ट्यासाठी होणाऱ्या सामन्याला मान्यता देताना प्रत्येक संस्था मोबदल्यातून सर्वसाधारणपणे तीन टक्क्यांच्या आसपास शुल्क घेते. जगज्जेते चार, तर शुल्कही चार ठिकाणी. प्रत्येक संस्थेचा 'सक्तीचा आव्हानवीर' वेगळा. चारही पट्टे एकाकडे आले, की चार आव्हानवीर चार दिशांनी तारखा मागतात. एकाला हो म्हटले, की दुसरी संस्था पट्टा काढते. त्यात प्रमोटरचा करार : माझ्या माणसाला हरवलेस तर तुझे पुढचे सामने माझे. त्यात परतीच्या सामन्याचे कलम. आणि त्यावर दूरचित्रवाणी कंपनी : आमच्या पडद्यावरचा माणूस त्यांच्या पडद्यावर दिसणार नाही. यांतल्या प्रत्येकाच्या हाती हरण्याजोगा एक माणूस आहे. जोड लागली तर दोघांपैकी एकाचा माल अर्ध्या किमतीचा होणार. म्हणून जोड लागू न देणे हाच दोघांचा समान धंदा.

१९८३ साली दक्षिण आफ्रिकेचा गोरा गेरी कोएट्झे असोसिएशनचा जगज्जेता झाला. वर्णद्वेषी राजवटीच्या देशातला गोरा आणि अमेरिकेतला काळा होम्स यांचा सामना १९८४ च्या जूनमध्ये लास व्हेगासला ठरला होता. पैसा उभा राहिला नाही आणि तो बारगळला. पुढे एचबीओ या दूरचित्रवाणी कंपनीने मालिका आखून पैसा ओतला, तेव्हा १९८७ च्या ऑगस्टमध्ये माइक टायसनकडे तीन पट्टे एकत्र आले. तोवर मायकेल स्पिंक्सने अधिक पैशाचा सामना निवडला म्हणून त्याचा पट्टा काढला गेलाच होता. १९९२ साली रिडिक बोने लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी कौन्सिलचा पट्टा लंडनमध्ये कचऱ्याच्या डब्यात टाकला. १९९९ च्या नोव्हेंबरात लुईसने होलीफील्डला हरवून पट्टे एक केले. पाच महिन्यांत न्यायालयाच्या निकालाने त्यातला एक गेला, कारण सक्तीच्या आव्हानवीराला डावलून तो दुसऱ्याशी लढला. २००० साली अमेरिकेने मुष्टियोद्ध्यांच्या रक्षणासाठी अलीच्या नावाने कायदा केला. तरीही २०१८ साली अँथनी जोशुआकडे तीन पट्टे आणि डिऑन्टे वाइल्डरकडे एक असताना, दोघे काळे, दोघे अपराजित, वाटाघाटी महिनोन् महिने चालल्या आणि जोड लागली नाही. पुढे दोघेही दुसऱ्यांकडून हरले.

चारही पट्टे एकाकडे आले ते १८ मे २०२४ रोजी, रियाधमध्ये, सौदी राजसत्तेच्या पैशाने. युक्रेनच्या उसिकने फ्युरीला हरवले. सहा आठवड्यांच्या आत फेडरेशनचा पट्टा त्याच्याकडून गेला. २०२५ च्या जुलैत लंडनला त्याने तो पुन्हा मिळवला, आणि वर्ष संपण्यापूर्वी दुसऱ्या संस्थेचा सोडून दिला. एकीकरण अशक्य नाही. त्याचे टिकणे कुणालाच परवडत नाही.

तात्या आज नाहीत. असते तर मी त्यांना सांगितले असते : तात्या, त्यांची जोड लावत नाहीत, कारण जोड लावणारे पंच कुस्तीवर जगत नाहीत, कुस्ती लांबवण्यावर जगतात. तुम्हांला ज्यांनी 'जोड न्हाई' म्हटले, त्यांना भीती तुमच्या जातीची होती, तितकीच तुमच्या दंडांचीही होती. निकाल लागला असता तर गावाला तो विसरता आला नसता.

गावातला फड आता बंद पडला आहे. त्या मातीवर पत्र्याच्या शेडमध्ये दुकाने आहेत. जत्रेत कोणी कोणाला चीत केले याच्या कथा अजून सांगितल्या जातात. तात्यांचे नाव त्यांत नाही. जिंकलेल्यांत नाही आणि हरलेल्यांतही नाही.